धनुष्य, पाखरू आणि लेकरू

धर्मगुरूच्या दारी माणसे नाना प्रश्न घेऊन येतात. विवाहाचे, वाटणीचे, मुलांच्या शिक्षणाचे, रुसव्याफुगव्यांचे. अशा प्रश्नांना सामोरे जाण्याचे थोडे शिक्षण सेमिनरीत मिळते. उरलेले लोकच देतात. गेल्या वर्षी ईस्टरनंतर आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध मावशींनी विचारलेला प्रश्न मात्र मला अगदीच नवा होता.

मावशींचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. त्याने पाठविलेले एक छायाचित्र त्यांनी मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरले. झाडीत बसलेला अकरा वर्षांचा नातू, अंगात पानापाचोळ्याच्या नक्षीचे कपडे, हातात कप्प्यांचे धनुष्य आणि पायांशी निपचित पडलेला भला मोठा काळसर पक्षी. शेजारी गुडघे टेकून बसलेला बाप. एकेकाळी हाच बाप आमच्या वेदीवर घंटा वाजवीत असे.

‘‘फादर, पोराच्या हाती धनुष्य देऊन बापच त्याला जीव घ्यायला शिकवतो आहे. हे पाप नाही का हो?’’

मावशींच्या हातचा कोंबडीचा रस्सा मी अनेकदा खाल्ला आहे. तेव्हा त्यांचा आक्षेप मांसाहाराला नव्हता. आक्षेप होता तो लेकराच्या हाताला. कोंबडी दुकानातला माणूस मारतो, आपण पिशवी घेऊन घरी येतो. मारणारा हात परका असतो. येथे तो हात आपल्या रक्ताचा होता. मी त्यांना म्हटले, ‘‘मावशी, मला थोडा अवधी द्या. आधी पोराशी बोलू या.’’

छायाचित्रातला पक्षी म्हणजे रानटी टर्की. मोर, रानकोंबडा आणि तित्तर यांच्याच कुळातला. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. त्याची पाळीव जात स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेली. आपल्या देशाशीही त्याचा जुना ऋणानुबंध आहे. बादशहा जहांगीरच्या सांगण्यावरून मुकर्रब खान याने १६१२ साली गोव्याहून ज्या दुर्मीळ वस्तू आणि प्राणी दरबारात आणले, त्यांत एक टर्कीही होता. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन केले आणि उस्ताद मन्सूर याने त्याचे चित्र काढले. ते चित्र आजही लंडनच्या संग्रहालयात आहे.

ज्या देशाचा हा पक्षी, त्याच देशाने त्याला जवळजवळ संपविले होते. जंगले तुटली, बंदुकांना धरबंध राहिला नाही, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक राज्यांतून टर्की नामशेष झाला. पुढे १९३७ साली तेथे एक कायदा झाला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांच्या विक्रीवरील कर वन्यजीवांच्या रक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. १९७२ साली त्यात दुरुस्ती होऊन धनुष्यबाणांवरही असा कर आला. पाळीव टर्की रानात सोडून पाहिले, पण ते टिकले नाहीत. मग रानटी पक्षीच मोठ्या जाळ्यांनी पकडून ओसाड झालेल्या रानांत नेऊन सोडण्यात आले. आज त्यांची संख्या ६० लाखांच्या आसपास सांगितली जाते. शिकार होते ती परवान्याने, ठराविक दिवसांत, मोजून. वसंत ऋतूत बहुतेक राज्यांत फक्त नरच मारण्याची मुभा असते. पुष्कळ राज्यांत मुलांसाठी काही दिवस वेगळे राखलेले असतात, आणि त्या दिवसांत मुलासोबत जाणता माणूस असावाच लागतो.

एवढे कळल्यावर एका रविवारी सायंकाळी मावशींच्या घरून आम्ही त्या नातवाशी मोबाइलवर बोललो. तिकडे सकाळ होती. पोराचे मराठी अर्धे इंग्रजीत बुडालेले; पण सांगण्याची हौस अस्सल नागपुरी.

टर्की रात्री झाडावर झोपतो आणि फटफटताच खाली उतरतो. त्याआधी अंधारात जाऊन झुडपाआड कापडी आडोशात बसावे लागते. त्याची दृष्टी इतकी तीक्ष्ण की हात हलला तरी तो निघून जातो. बाप एका लाकडी पेटीवर झाकण घासून मादीसारखा आवाज काढीत होता. आपल्याकडील फासेपारधी पिंजऱ्यातील शिकवलेल्या तित्तराच्या हाकेने रानातले तित्तर बोलावीत असत, त्यातलाच हा प्रकार. बंदुकीने लांबून मारता येते. धनुष्याला पक्षी वीसेक पावलांवर यावा लागतो. कप्प्यांचे धनुष्य १९६० च्या दशकात अमेरिकेतच हॉलेस विल्बर ॲलन यांनी घडविले. त्याची दोरी पूर्ण ताणली की हातावरचा भार बराच हलका होतो, आणि नेम धरून काही क्षण थांबता येते.

पहिल्या सकाळी नुसता आवाज आला, पक्षी आला नाही. दुसऱ्या सकाळी नर आला. पिसारा फुलवून अगदी समोर उभा राहिला. पोराने दोरी ताणली. तेवढ्यात बापाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

‘‘का?’’ मी विचारले.

‘‘मागे दुसरी होती, फादर. मादी. बाण आरपार गेला असता तर तिला लागला असता. मला ती दिसलीच नव्हती. पप्पांना दिसली.’’

नर निघून गेला. बापलेक रिकाम्या हातांनी परतले. तिसऱ्या सकाळी बाण सुटला. पक्षी थोडा वेळ फडफडला आणि शांत झाला. तेथपर्यंत भरभर बोलणारे पोर येथे अडखळले. मग म्हणाले, ‘‘फादर, तो गरम होता. मी हात लावला तेव्हा गरम होता.’’ वडील काय म्हणाले, असे मी विचारले. ‘‘काहीच नाही. त्यांनी क्रूसाची खूण केली. मग आम्ही बसून राहिलो.’’ छायाचित्र त्यानंतरचे होते. पिसे दोघांनी मिळून उपटली, आणि तो पक्षी त्यांच्या घरी तीन दिवस पुरला.

मावशी शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. नातवासाठी की पाखरासाठी, ते मी विचारले नाही.

त्या रात्री मला द्रोणाचार्यांची कथा आठवली. शाळेत आपण सारेच ती शिकलो आहोत. गुरू शिष्यांना झाडावरचे पाखरू दाखवून काय दिसते असे विचारतात. कुणाला झाड दिसते, कुणाला भाऊ दिसतात. अर्जुनाला फक्त पाखराचा डोळा दिसतो आणि तोच खरा धनुर्धर ठरतो. एकाग्रतेचा धडा म्हणून मीही ही कथा मुलांना सांगत आलो आहे. परंतु महाभारतातील ते पाखरू जिवंत नव्हते. कारागिरांकडून बनवून घेऊन झाडावर ठेवलेले ते कृत्रिम पाखरू होते, ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही. लक्ष्य निर्जीव असेल तर केवळ डोळा दिसणे पुरेसे आहे. त्या विद्येची थोरवी मी कमी लेखीत नाही. आपल्याच नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी बर्लिन येथे कप्प्यांच्या धनुष्याचा जगज्जेता झाला. अंतिम फेरीत ५० मीटरवरील लक्ष्यावर त्याने १५० पैकी १५० गुण मिळविले. त्याच दिवशी साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी मुलींमध्ये जगज्जेती ठरली. दोघांनाही अर्जुनाच्याच नावाचा पुरस्कार मिळाला. या साऱ्यात एकाही पाखराचे पीस हलले नाही.

परंतु समोर जिवंत पाखरू असेल, तर केवळ डोळा पाहणारा धनुर्धर धोक्याचा. त्याला मागची मादी दिसली पाहिजे. झाड दिसले पाहिजे, ऋतू दिसला पाहिजे, घरचे रिकामे किंवा भरलेले मडकेही दिसले पाहिजे. अकरा वर्षांच्या मुलाला हे सारे एकट्याने दिसत नाही. म्हणून शेजारी बाप लागतो. बापाचे खरे काम दोरी ताणायला शिकविणे हे नव्हते. ताणलेली दोरी हळूच सैल सोडायला शिकविणे, हे होते.

हे शिक्षण अमेरिकेत जन्मलेले नाही. आपल्या विदर्भात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. काही वर्षांपूर्वी एका धर्मगुरू मित्राकडे गडचिरोली जिल्ह्यात राहण्याचा योग आला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या जेथे भेटतात, त्या भामरागडच्या परिसरात एका माडिया आजोबांच्या घरी आम्ही गेलो. कुडाच्या भिंतीवर एक मोठे आणि एक छोटे धनुष्य टांगलेले होते. बांबूचे धनुष्य, आणि दोरीही बांबूच्याच चिवट कामटीची. छोट्या धनुष्याचे बाण मी निरखून पाहू लागलो, तर त्यांना लोखंडी टोक नव्हते; पुढे बोथट लाकडी बोंड होते. सोबतच्या शिक्षकाने आजोबांचे बोलणे मराठीत सांगितले. हा पाखरांचा बाण. याने पाखरू फाटत नाही. आजोबांना तो त्यांच्या बापाने करून दिला होता, आणि त्यांनी नातवाला.

पेरणीपूर्वी बीज पंडुमाच्या सुमारास सारा गाव मिळून शिकारीला जाई, लेकरे मागून चालत, असे त्यांनी सांगितले. पाणवठ्यावर कसे बसावे, रानकोंबडा कोणत्या दिशेने आला म्हणजे हवा बदलणार, अंड्यांवर बसलेल्या पाखराकडे का पाहायचेही नाही, हे सारे चालता चालता कानावर पडे. आता नातवाला रानात नेता का, असे मी विचारले. आजोबा हसले. शिक्षकाने त्यांचे उत्तर सांगितले ते असे : ‘‘धनुष्य घरी ठेवतो. पोराला नेतो.’’

त्या उत्तरामागे मोठा इतिहास आहे. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आरंभी त्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना जमिनीचे, तेंदूचे, बांबूचे हक्क दिले, आणि गडचिरोलीतीलच मेंढा लेखा हे गाव २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत गणले गेले. तथापि पारंपरिक हक्कांतून शिकारीचा हक्क या कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळला. म्हणजे एका खंडातला नातू परवाना काढून बापाबरोबर रानात बसतो तेव्हा तो खेळाडू. दुसऱ्या खंडातला नातू आजोबांच्या बोथट बाणाने एक पाखरू पाडील, तर तो आरोपी. ही तुलना मनाला बोचते. एका घरात बाजारातून आणलेल्या मांसाने भरलेले शीतपेटीचे कपाट आहे, दुसऱ्या घरात पावसाळ्याचे चार महिने कसे काढावे ही चिंता आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अधिकच बोचते.

तरीही कायदा चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. उरलेल्या रानावर आता पूर्वीसारखा भार टाकता येत नाही. माझे म्हणणे इतकेच की कायदा हात थांबवितो, पण थांबलेल्या हाताला दुसरे काही देत नाही. ते माणसांनी द्यावे लागते. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पात राहायला गेले. एके दिवशी माडिया शिकारी मारलेली माकडे काठीला बांधून नेताना त्यांना दिसले. मेलेल्या आईला एक जिवंत पिल्लू बिलगून होते. त्यांनी ते पिल्लू मागून घेतले. शिकाऱ्यांना त्यांनी दूषणे दिली नाहीत. ही शिकार भुकेपोटी आहे हे ते जाणून होते. रानातली अनाथ पिल्ले मारू नका, आमच्याकडे आणा, त्याबदल्यात धान्य देऊ, असे त्यांनी सांगितले. जोडीला दवाखाना, शाळा आणि शेतीचे धडे सुरू झाले. त्यातून तेथे वन्य प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले, आणि ज्यांचे बाप तीरकामठा घेऊन रानात जात, त्यांची मुले बिबट्याच्या बछड्यांशेजारी लहानाची मोठी झाली. येथे प्रथम भुकेची विचारपूस झाली आणि मग हात थांबला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पवित्र शास्त्रात धनुष्य आणि लेकरू दोनदा एकत्र येतात. इश्माएलाला आईसह घराबाहेर काढले जाते. वाळवंटात पाण्यावाचून ते पोर मरायला टेकते. देव त्याचा आवाज ऐकतो. पुढे देव त्या मुलाच्या बरोबर होता, तो रानात वाढला आणि तिरंदाज झाला, असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितले आहे. निराधार पोराच्या हाती पोटासाठी आलेले हे धनुष्य. देव त्याच्यावर रागावलेला दिसत नाही. दुसरी कथा योनाथानाची. दाविदाला धोक्याची खूण देण्यासाठी तो एका लहान मुलाला शेतात नेतो, त्याच्या पलीकडे बाण मारतो आणि बाण तुझ्या पुढे आहे असे ओरडून सांगतो. मुलगा धावत जाऊन बाण गोळा करून आणतो. त्याला कशाचाच पत्ता नसतो. खरे काय चालले आहे ते फक्त दोन मोठ्या माणसांना ठाऊक असते. योनाथानाचा हेतू निर्मळ होता. परंतु मोठ्यांनी सोडलेल्या बाणांमागे अजाणतेपणी धावणारी किती लेकरे आपल्या अवतीभोवती आहेत, असा विचार ही कथा वाचताना माझ्या मनात येतो.

मावशींना मी जे सांगितले ते एवढेच. विनाकारण प्राण्यांना क्लेश देणे वा त्यांचा जीव घेणे हे माणसाला शोभणारे नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास तिची मनाई नाही. तुमच्या नातवाने मारले ते खाल्ले. मारले ते त्याला गरम लागले. मुख्य म्हणजे एके दिवशी तो न मारता परतला. हे तिन्ही जोवर आहे तोवर पापाच्या चिंतेपेक्षा त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्या दिवशी पक्षी हाताला गरम लागेनासा होईल, त्या दिवशी बापाने धनुष्य खुंटीला टांगावे, असे मुलाला कळवा. त्यांनी ते तसेच कळविले.

परंतु प्रश्न तेथे संपला नाही. उलट तो आपल्या दारापर्यंत आला. आपल्या नागपुरात धनुष्य घेऊन कुणी रानात जात नाही. आपली लेकरे संक्रांतीला गच्चीवर जातात. आकाश पतंगांनी भरून जाते, बाप चक्री धरतो, काका ढील देतो, आणि मांजा कुठे कुठे जाऊन पडतो हे कुणी पाहत नाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली; मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या विषयाची स्वतःहून दखल घेतली. तरी तो चोरून विकला जातो आणि चोरून विकत घेतला जातो. त्याने माणसांचे गळे चिरले आहेत. घारी, बगळे, घुबडे झाडांवर लोंबकळत राहतात. सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे जखमी वन्यजीवांचे उपचार केंद्र आहे. संक्रांतीच्या दिवसांत पंख कापलेली पाखरे तेथे आणली जातात. हेच हिल्स माझ्या विद्यार्थिदशेतले. पहाटेच्या प्रार्थनेला तेथे पाखरांचीच साथ असे.

त्या टर्कीला मारणाऱ्या मुलाने निदान त्याच्या अंगाला हात लावला. आमच्या मुलांच्या मांजाने कापलेली घार मात्र कुणाच्या तरी परसात पडते, आणि ते पोर गच्चीवर ‘‘ओ काट’’ म्हणून नाचत असते. त्याच्या मनगटावर हात ठेवणारे कुणी नसते, कारण ज्याने ठेवायचा तोच चक्री धरून उभा असतो.

म्हणून धर्मग्रामातील आयाबापांना माझी एक विनंती आहे. येत्या संक्रांतीला पतंग जरूर उडवा; तो आपल्या शहराचा आनंद आहे. मात्र सुताचा धागा आणा, आणि तो आणायला मुलाला बरोबर न्या. सकाळी पाखरे घरटी सोडतात आणि सायंकाळी परततात, त्या वेळा मुलाला गच्चीवर बसून दाखवा आणि तेवढा वेळ पतंग खाली ठेवा. सण सरला की झाडांत, तारांत अडकलेला धागा दोघे मिळून गोळा करा. एखादे जखमी पाखरू सापडले तर ते उपचार केंद्रात पोचविताना पेटी मुलाच्याच मांडीवर द्या. ते त्याला गरम लागेल. पुढचे त्याला सांगावे लागणार नाही.